माध्यमिकला जाणाऱ्या मुलांची काळजी म्हणजे लाड?

शाईचा_डाग: काल ‘जुनी_वही’ यांनी लिहिलं, “पाण्यात ढकललं की पोरं पोहतात. माध्यमिकला जाताना समुपदेशनाचे लाड कशाला?” डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. नव्या शाळेत गेल्यापासून लेकीचं रोज सकाळी पोट दुखायचं, रविवारी अजिबात नाही. दोन डॉक्टर झाले, काही निघालं नाही. दीड महिन्याने कळलं, जुन्या मैत्रिणी दुसऱ्या तुकडीत गेल्या आणि मधल्या सुट्टीत तिच्याशी बोलणारं कुणीच नव्हतं. प्राथमिकला एकच बाई दिवसभर वर्गावर, चेहऱ्यावरून ओळखायच्या. इथे तासागणिक शिक्षक बदलतात. वर्गशिक्षिकांनी बाक बदलून दिला, हळूहळू पोटदुखी थांबली. हे लाड?

जुनी_वही: एका मुलीवरून नियम करू नका. आम्हाला कुणी विचारलं नाही, तरी उभे राहिलोच. खरा रोग मोबाइल. रात्री बारापर्यंत वर्गाच्या ग्रुपवर, सकाळी उठवत नाही, मग म्हणे ताण!

पहाटपाळी: सगळं मोबाइलवर ढकलू नका. वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं हार्मोन, रात्री उशिरा पाझरतं, झोप येण्याची वेळच पुढे सरकते. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. शाळा सकाळची असेल तर ती पुरी व्हायची कधी?

जुनी_वही: आमच्या अंगात हार्मोन नव्हते का? फोन काढून घ्या, नऊला झोपतात. मी घेतला.

पहाटपाळी: आणि तुमचा नऊला झोपला?

जुनी_वही: दोन आठवडे छताकडे बघत पडायचा. आता दहाला झोपतो, हेही लक्षात घ्या.

पहाटपाळी: दहाला. नऊला नाही. फोन रात्री बाहेरच्या खोलीत ठेवावा, एवढं तुमचं मान्य.

रेघोटी: झोपेवरून पुरे. ‘उभे राहिलोच’ हे मला ऐकवू नका. माझ्या भावाने नववीत शाळा सोडली. घरात सगळे आळशी म्हणायचे, मीसुद्धा. वर्गात त्याला काय सोसावं लागत होतं, ते त्याने वीस वर्षांनी सांगितलं. जे उभे राहिले नाहीत, ते इथे लिहायला येत नाहीत.

जुनी_वही: भावाचं वाचून वाईट वाटलं. समुपदेशकाचं मला अजून पटत नाही. पण शाळा सुरू होण्याआधी मुलांना एकदा नेऊन वर्ग, जिने, स्वच्छतागृह दाखवावं, इतपत ठीक. आमचा मुलगा पहिला आठवडाभर स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला लाजायचा, घरी येईपर्यंत दाबून धरायचा.

शाईचा_डाग: तुम्हाला सांगितलं त्याने?

जुनी_वही: नाही. आईला.