सोसायटीच्या ग्रुपवर: गेटसमोरचा रस्ता आणि माहितीचा अर्ज

ए-४०३: गेटसमोरच्या नव्या रस्त्याच्या काँक्रीटला आत्ताच भेगा, खडी वर आलीय. यंदा मालमत्ता कर कुणीच भरू नका. सगळ्यांनी थांबवला की पालिकेला जाग येईल.

बी-१०२: दादा, राग रास्त आहे, उपाय उलटा. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, ती आपल्याच बोकांडी. ठेकेदाराचं त्यात काहीच जात नाही. त्याची सुरक्षा अनामत पालिकेकडे असते. दोष दायित्व कालावधी संपेपर्यंत दुरुस्ती त्याने स्वखर्चाने करायची, मुदत निविदेत लिहिलेली असते. ती संपली की हाच रस्ता पुन्हा आपल्या करातून. त्यामुळे आधी ती तारीख काढू.

सी-२०१: काका, ती मिळणार कुठून? नगरसेवकांकडून फक्त उद्घाटनाचे फोटो येतात.

बी-१०२: माहिती अधिकारात, ताई. सोसायटीच्या लेटरहेडवर नको, हक्क नागरिकाचा आहे, तेव्हा कुणा एकाच्या नावाने. अर्जाचा नमुना जोडपत्र 'अ', वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. आपल्या महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून भाषण नको, फक्त कागद मागायचे: कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं, अंतिम देयक, क्यूब टेस्टचे (काँक्रीटचे ठोकळे फोडून ताकद तपासतात त्याचे) अहवाल, काम पूर्णत्वाचा दाखला, दोष दायित्वाची अट. 'रस्ता का खचला?' असं विचारलं की अर्ज वाया. दप्तरात जे आहे तेवढंच द्यायला ते बांधील आहेत.

डी-५०४: त्यातली एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, सोडू नका. बिल तिच्यावरूनच निघतं. लांबी-रुंदी आपण टेपने पडताळू शकतो, जाडी मात्र कोअर, म्हणजे रस्त्यातून यंत्राने कापलेला गोल नमुना, काढल्याशिवाय कळत नाही.

क्यूबचे अहवाल बहुतेक वेळा चांगलेच येतात, त्यावर विसंबू नका. क्यूब २८ दिवस पाण्यात ठेवून फोडतात. काँक्रीटची प्रत एम-४० असेल तर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन ताकद अपेक्षित. रस्त्याला मात्र चार दिवसही नीट पाणी मारलेलं नसतं. कोअरमध्ये ते उघडं पडतं: तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी, आणि एकही ७५ च्या खाली नको. वेड्यावाकड्या आडव्या भेगा बऱ्याचदा सांधे उशिरा कापल्याने पडतात. खडी उघडी पडते ती मिश्रणात पाणी जास्त झाल्याने किंवा क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं, कमी पडल्याने. पालिकेच्या अभियंत्यांसोबत संयुक्त पाहणी मागणाऱ्या पत्रात कोअरची मागणी स्पष्ट लिहा.

सी-२०१: आणि उत्तरच नाही आलं तर?

बी-१०२: ३० दिवस थांबायचं. मग ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', २० रुपये, तिथल्याच वरिष्ठांकडे. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, पण तिथे तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिलंच चोख करा. एरवी प्रतीला पानामागे २ रुपये पडतात, मुदत टळली की कलम ७(६) प्रमाणे फुकट द्यावी लागते. अर्ज चुकीच्या विभागात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम. पोच मात्र घ्याच, शिक्का आणि तारखेसह.

ए-४०३: एवढं करण्यापेक्षा निवडणुकीत दाखवू की त्यांना.

बी-१०२: तेही दाखवा. पण प्रभागात कमानी, बाक आणि पेव्हर ब्लॉक एवढे का होतात? ते दिसतं आणि त्यावर मतं पडतात. जमिनीखालच्या वाहिनीवर कुणी मत देत नाही. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला, पक्ष कुठलाही असो, विचारा: रस्त्याच्या आधी वाहिन्या आणि केबल टाकणार का? त्या नंतर सुचल्या की नवा रस्ता फोडावा लागतो, आणि बिलं दोन निघतात. 'कामं झाली' म्हणून खूश होणं आपण सोडलं, तर तेही बदलतील असं मला मनापासून वाटतं.

सचिव: अर्ज माझ्या नावाने देते. मसुदा रात्री इथे टाकते. रस्त्याचं नेमकं वर्णन लागेल, कुठून कुठपर्यंत.

डी-५०४: खांबांचे क्रमांक लिहा, म्हणजे हद्दीचा वाद उरणार नाही. फोटो काढताना भेगेवर मोजपट्टी ठेवा, रुंदी वाचता आली पाहिजे.