मदत हवी आहे: दुधाच्या नोंदी मजकुरातून आकड्यांत आणताना पैशांचा फरक

राम राम मंडळी. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेच्या जुन्या नोंदी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत आणतोय. लिटर, फॅट, दर सगळं मजकूर म्हणून टाइप केलेलं, तेही मराठी अंकांत. '१२५' थेट इंटमध्ये (पूर्णांकात) जातं, हे फार आवडलं! '१,२५०' मात्र स्वल्पविरामामुळं व्हॅल्यू एरर देतं. तो आधी काढून टाकतोय.

खरी अडचण पैशांची. फ्लोट (बायनरीत साठवलेला दशांश आकडा) करून दोन दशांशांपर्यंत राऊंड केलं तर २.६७५ चे २.६७ होतात, कारण बायनरीत तो आकडा किंचित कमीच साठवला जातो. दहा दिवसांच्या बिलात कुठल्याच म्हैसवालीचा एक पैसाही कमी पडू नये. मग मजकुरातून थेट डेसिमल (दशांश जसाच्या तसा ठेवणारा प्रकार) करून राऊंड हाफ अप, म्हणजे अर्धा आला की वर, लावू, की सगळं पैशांत आणून इंट ठेवू? लिटर गुणिले दर केलं की अपूर्णांक येतोच, म्हणून मला डेसिमल बरं वाटतंय.

आणि रिकाम्या रकान्यांचं काय? काही ठिकाणी नुसतं '-' आहे. शून्य धरलं तर सरासरी फॅट खाली येतं, None (पायथॉनमधलं 'काहीच नाही') ठेवलं तर बेरजेत टाइप एरर. दूध घातलंच नाही आणि नोंद राहिली, हे दोन्ही वेगळं कसं ठेवता तुम्ही?