अकरावी-बारावी कॉमर्सचे सर-मॅडम, तुमचे कसे होते?

परवा माळ्यावर बीकेची (बुक-कीपिंग, हिशेब लिहायचा विषय) जुनी वही सापडली आणि आमचे सर आठवले. ताळेबंद जुळला नाही की फळ्यावरचं सगळं पुसायचे, म्हणायचे चूक शोधू नको रे, पहिल्यापासून कर. तेव्हा जाम राग यायचा. तुमच्याकडे कोण होतं असं?

खतावणी: बीकेवाले सगळे सारखेच का असतात 😂 आमचे तर हजेरी घेताना पण "घेणारा नावे, देणारा जमा" हा नोंदीचा नियम म्हणायला लावायचे. पार्टनर रिटायर होतो त्या धड्याला गुडविल (धंद्याच्या नावलौकिकाची किंमत) काढताना स्वतःच भावुक व्हायचे, आणि आम्ही मागच्या बाकावर डबा खात.

सांगलीकर: ओसीच्या (वाणिज्य संघटन व व्यवस्थापन) मॅडम! फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं त्यांनी स्वतःच्या घरावर शिकवली, एका माणसाला एकच साहेब पाहिजे हे सांगताना सासू आणि नवरा दोघांची उदाहरणं यायची, पेपरात मी तेच लिहून आले होते (सासू वगळून).

एसपीग्रस्त: एसपीच्या (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, कंपनीच्या चिटणिसाचं काम शिकवणारा विषय) सरांना पत्राचा फॉरमॅट म्हणजे देवघर. डिबेंचरधारकाला (कंपनीला कर्ज देणाऱ्याला) व्याजाचं पत्र, आतला मजकूर बरोबर, पण कंपनीचा सीआयएन (नोंदणी क्रमांक) राहिला म्हणून उभं केलं. आता सीएसच्या (कंपनी सेक्रेटरीच्या) ऑफिसात काम करतो, तर ती सवय उपयोगी पडते, काय सांगू.

खतावणी: @सांगलीकर मार्क किती पडले ते सांग आधी

सांगलीकर: पास झाले ना, बास