फौजीची सुट्टी म्हणजे दरवर्षी मधुचंद्र?

कऱ्हाडची सून: परवा इथं कुणीतरी लिहिलं, 'फौजीच्या बायकोची मजा आहे, दर सुट्टीला नवा मधुचंद्र.' खाली हसणाऱ्यांची रांग. आमचे हे 17 वर्षं फौजेत, त्यातली जेमतेम 5 आम्ही फॅमिली क्वार्टरमध्ये एकत्र. बाकी सगळं फील्ड, म्हणजे जिथं कुटुंब नेता येत नाही. मधुचंद्राचं सांगते. आले की पहिले चार दिवस पलंगावर झोपायचेच नाहीत. खाली सतरंजीवर, दाराकडे तोंड. एकदा झोपेत त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर मनगट असं पिरगाळलं की बांगड्या फुटल्या. मग तेच बॅटरी घेऊन काचा वेचत बसले, एक शब्द नाही. जरा ओळख परत व्हायची, तोवर ट्रंक भरायची वेळ.

निवृत्त सुभेदार: ताई, राग मानू नका, पण उंबऱ्याच्या आतलं चव्हाट्यावर कशाला? आमच्या वेळी अंतर्देशीय पत्र यायचं, तेही आधी वडील वाचणार. कुणी वेडं झालं नाही. वर्षाला 60 दिवस सुट्टी, वर 30 दिवस सीएल, म्हणजे किरकोळ रजा. कुठली कंपनी देते? मी सियाचीनला चौकीवर तीन महिने काढलेत. खाली उतरलो तर भूक नाही, झोप नाही, बाकीचं तर विचारूच नका. पण ते उंचीमुळं. मनाबिनाचं काही नाही.

निशिगंध: काका, ते 'बाकीचं'च तर ताई सांगतायत! जानेवारी 2021 मध्ये यूएसआय या दिल्लीच्या लष्करी अभ्याससंस्थेचा अभ्यास गाजला होता, निम्म्याहून जास्त जवान तीव्र ताणाखाली. फौजेनं तो अमान्य केला आणि अहवाल संकेतस्थळावरून गायब.

निवृत्त सुभेदार: चारशेएक जणांना विचारून बारा लाखांचं निदान? छान.

पाटणचा पोरगा: सुट्टी नवरा-बायकोची असते कुठं पण? माझा भाऊ गेल्या खेपेला आला. बांधाची मोजणी, चुलतबहिणीचं लग्न, दोन सत्यनारायण. घर दोन खोल्यांचं, मधे पडदा, पलीकडे आई खोकतेय. वहिनी रात्री भांडी घासून येईपर्यंत तो झोपलेला.

वीरमाता नव्हे, नुसती आई: आलात आईवर? नऊ महिने मीही वाट बघते की. आला की सुनेला माहेरी जायचं, तेही त्याला घेऊन!

कऱ्हाडची सून: माहेरी का जातात माहितीय काकू? तिथं दाराला कडी असते.

वीरमाता नव्हे, नुसती आई: कडी आमच्याकडेही आहे. लावायची लाज तुम्हालाच.

पाटणचा पोरगा: काकू, आमच्या आईनं आतून कडी वाजली तरी सकाळपासून दोन दिवस अबोला धरला होता!

डोंगरातला: तुमचं कडीवर अडलंय. मी निमलष्करी दलात. 2019 ला घोषणा झाली, जवान वर्षाला 100 दिवस कुटुंबासोबत राहणार. गेल्या वर्षी माझे 58 भरले. बायको फोनवर म्हणते, 'बोला.' मला काही सुचतच नाही. मग गॅस सिलिंडर आला का, ते विचारतो.

निशिगंध: आणि गंमत बघा. व्यभिचाराचं 497 कलम 2018 ला रद्द झालं, त्यानंतर सरकारनं कोर्टात जाऊन सांगितलं की घरापासून लांब असलेल्या जवानाच्या मनात घरच्यांबद्दल काळजी असते. 2023 ला कोर्टानं फौजेला कारवाईची मुभा ठेवली. म्हणजे दुरावा डोकं खातो हे मान्य, पण औषध काय, तर शिक्षा!

निवृत्त सुभेदार: शिस्त आहे ती, औषध नव्हे. सोबतीच्या बायकोवर डोळा ठेवणाऱ्याला काय समुपदेशन देणार?

निशिगंध: त्याला नको. डोंगरातल्या भाऊंना द्या.

निवृत्त सुभेदार: बरं, द्या. सिलिंडरवाल्याला द्या, माझी हरकत नाही. आमची ही मघापासून खांद्यावरून वाचतेय. म्हणते, 'रिटायर होऊन 11 वर्षं झाली, अजून दाराकडे तोंड करूनच झोपता.' सवय असते हो माणसाला एकेक.