एकाच कोनाचा स्पीकर : तुमचे अनुभव सांगा

चिंचेचं झाड

परवा कोल्हापुरात राजारामपुरीत ओळखीच्यांच्या घरी गाण्याची बैठक होती. वीस-पंचवीस माणसं, दोन साऊंड बॉक्स, एक माईक. विलंबित संपत आलं आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि दिवे. गाणाऱ्या बाई थांबल्या नाहीत. तबलजीनं हात हलका केला आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं आम्ही नुसता गळा ऐकला. लाईट आल्यावर यजमान माईक चालू करायला उठले, तर शेजारच्यानं त्यांचा सदरा धरून खाली बसवलं.

घरी येताना गाडीवर एकच डोक्यात, हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. मग खासबागेच्या वळणावर आठवलं. दादांची फळी.

मंगळवार पेठेतलं जुनं घर, १९८९-९०ची गोष्ट. दादांनी, म्हणजे वडिलांनी, बंद पडलेल्या व्हॉल्व्ह रेडिओतला आठ इंची स्पीकर काढून एका रुंद देवदारी फळीला भोक पाडून बसवला होता. मागून सगळा उघडा. फळी भिंतीपासून हातभर पुढं, खाली वीट. एकच स्पीकर, म्हणजे मोनो. टेपला जोडायचे. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण आलंय ओ?" आणि आलेलं कोणी नसायचं, सांगली आकाशवाणीच्या बातम्यांची कॅसेट भरून ठेवलेली असायची. (बातम्या कॅसेटवर का भरायचे, हे मला आजतागायत कळलेलं नाही.)

पहिल्या पगारात मी तीन-तीन स्पीकरवाले उंच बॉक्स आणले. फळी माळ्यावर गेली, तिथं वाळवीनं खाल्ली. दादा काही बोलले नाहीत. फक्त बातम्या ऐकायचे बंद झाले.

आता पुन्हा तसलं काहीतरी बांधायचं मनात आहे. ज्याला फुल रेंज म्हणतात ते, एकच कोन (स्पीकरचा तो कागदी शंकू), वूफर-ट्विटर अशी वाटणी नाही, मध्ये आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर नाही. कोणी ऐकलेत, बांधलेत, विकून टाकलेत? खोड्याही लिहा. घरात विषय काढायच्या आधी मला त्या माहीत असलेल्या बऱ्या.

आजरा घनसाळ

फुल रेंज? आमच्याकडं मोबाईलला दोन कांड्या आल्या तरी पेढे वाटतोय.

तिखटजाळ

@घनसाळ 😂😂

बाकी बैठकीचं वाचून काटा आला. कोण होत्या गायला?

शेवटचा बाक

दोन जोड्या बांधल्या, एक विकली. लांबेल, चहा घेऊन बसा.

नेहमीच्या बॉक्समध्ये आवाज साधारण दोन-तीन हजार हर्ट्झला कापतात. खालचा वूफरला, वरचा ट्विटरला. आणि आपला कान सगळ्यात तिखट असतो तो दोन ते पाच हजाराच्या पट्ट्यात. म्हणजे शिवण आली ती नेमकी छातीवर. शिंपी चांगला असला तर कळत नाही. स्वस्तातल्या बॉक्सात कळतं, बाई गातात एका ठिकाणाहून आणि त्यांचा 'स' चार बोटं वरून येतो. एका कोनाला शिवणच नाही. सगळं एका बिंदूतून येतं, म्हणून तुमच्या आईंना माणूस आल्यासारखं वाटायचं.

आता दुखणं. कागदाचा कोन सगळ्या स्वरांना एकसंध हलत नाही. वर जाल तशी त्याची कड वेगळी थरथरते, मधला भाग वेगळा. बऱ्याच फुल रेंजमध्ये हे नेमकं त्याच दोन-पाच हजाराच्या पट्ट्यात सुरू होतं. तिथं आवाज ओरडका होतो. हळू ऐकताना त्याला स्पष्टपणा म्हणतात, आवाज वाढवला की त्यालाच बोंब म्हणतात. सनई आणि हार्मोनियम लावून बघा, लगेच सापडेल.

विकली ती जोडी याच पायी. आमची मंडळी म्हणाली, "तुमची ती बाई चिडून गाती."

डॉल्बीग्रस्त

मिरवणुकीच्या मार्गावर घर आहे. डॉल्बीच्या भिंती दाराम्होरनं गेल्या की काचा, भांडी, छातीतली हाडं सगळी वाजत्यात. त्या दिवसानंतर आठवडाभर मला कुठलाच स्पीकर नको असतो, मग तो एका कोनाचा असो की शंभर.

सौ. फिरकी

आमच्या ह्यांनी लॉकडाऊनमध्ये केलेत असले दोन. खोड्या विचारल्यात ना, एकच सांगतो. त्या स्पीकरला घरात एकच खुर्ची आहे. ह्यांची. तिथं बसलं की सतार अशी समोर येऊन बसती. मी सोफ्यावरनं ऐकलं की गोधडीतनं ऐकल्यासारखं. भाजी निवडत ऐकायचं तर त्या खुर्चीत ताट घेऊन बसायला लागतंय, मग हे उभे.

निमूट वाचक

@सौ. फिरकी, 'सांगतो'... ताई की दादा?

सौ. फिरकी

ताईच. कोल्हापूरची हाय, मी आलो गेलोच म्हणणार. तुम्ही पुण्याचे काय?

निमूट वाचक

नाशिक. :)

शेवटचा बाक

ताईंची खुर्ची अगदी बरोबर आहे. दहा हजार हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३.४ सेंटीमीटर. कोन तिच्यापेक्षा बराच मोठा असला की वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, बाजूला पसरत नाहीत. आठ इंचीत हे जास्त, तीन-चार इंचीत कमी. मधोमध ती कागदी शेंडी चिकटवलेली असते ना, व्हिझर म्हणतात, ती वरच्या स्वरांसाठीच. काहींना ती आवडते, मला त्यातून पत्रा ऐकू येतो.

उपाय म्हणजे स्पीकर सरळ तोंडावर न रोखता थोडे बाहेर वळवायचे. एका खुर्चीची दीड होते.

उद्यमनगरी

आमचे वडील पॅटर्न मेकर. फाउंड्रीत ओतकामाचा साचा घ्यायला लागणारे लाकडी पॅटर्न करण्यात हयात गेली. मी कॉलेजात असताना मिस्त्री-बिस्त्री नको म्हणून त्यांनाच म्हटलं, सहा इंची स्पीकर आणलाय, पेटी करून द्या. कागदावर मापं काढून दिली. आठ दिवसांत सागवानी पेटी तयार, सांध्यात ब्लेड शिरंल तर शपथ.

स्पीकर बसवायला घेतला तर भोक ढिलं. पेटी पण सगळ्या बाजूंनी किंचित मोठी. वडिलांनी चष्मा लावून पट्टी बघितली आणि जे हसायला लागले! चाळीस वर्षांच्या सवयीनं हात श्रिंकेज पट्टीकडंच गेलेला. ओतलेलं बीड (लोखंड) थंड झाल्यावर आकसतं, म्हणून पॅटर्न टक्काभर मोठा करतात, त्याची वेगळी पट्टी असते. म्हणजे माझी पेटी ओतून घेतली असती तर मापात आली असती.

कडेनं सायकलच्या ट्यूबचं रिंगण कापून लावलं, आजही तसंच आहे. आवाजाबद्दल म्हणाल तर भाषण आणि भजन एक नंबर, ढोलकी म्हणजे बिस्किटाचा डबा. वडील जाऊन सहा वर्षं झाली. पेटी विकणार नाही.

तिखटजाळ

@उद्यमनगरी, नाद खुळा 🙏 वडिलांना नमस्कार.

मिरजेची तंबोरी

आमच्या घराला वाद्यांचा शेजार, त्यामुळे लिहायचा मोह आवरत नाही. तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडीवर तारेखाली दोरा सरकवून सरकवून जागा शोधतात. ती जागा सापडली की तारेतून स्वरांची चळत उठते. बहुतेक मोठ्या बॉक्समध्ये मला तंबोरा म्हणजे मागे चाललेली गुणगुण वाटते. दिराकडे एकदा छोटे एक कोनी स्पीकर ऐकले, त्यात जवारी दिसली. ऐकू आली नाही, दिसलीच.

पण डग्गा? डग्ग्यावर घिस्सा मारला की पोटात जे होतं ते तिथं नव्हतं. तबलजी डावा हात घरी विसरून आला होता.

साऊंडवेडा

@तंबोरी, ते होणारच. एक सप्तक खाली गेलं की तितकाच आवाज राखायला कोनाला चौपट आत-बाहेर पळावं लागतं. चार इंची कोनाला तितकी धावच नसते. आणि तोच कोन तेव्हा गळाही गात असतो. डग्ग्याबरोबर आवाज हिंदकळतो, भरल्या बसमध्ये उभ्यानं गाणाऱ्या माणसासारखा.

मी शेवटी खाली एक सबवूफर जोडला. शंभर हर्ट्झच्या खालचं ते बघतं, वरचं सगळं एका कोनाकडं. शुद्धतावादी मित्रांनी घरी यायचं सोडलं, पण घरात तबला परत आला.

शेवटचा बाक

@साऊंडवेडा, यायचं सोडलं नाही, तुमच्याकडं चहा पांचट मिळतो.

गंगावेस कट्टा

क्रॉसओव्हर नाही, क्रॉसओव्हर नाही म्हणून काय मिरवताय. माझ्याकडच्या जोडीत आवाज पातळ येत होता म्हणून एकानं सांगितलं, बॉबिन (तारेची कॉईल) आणि रेझिस्टर टाक. पेटी वीस सेंटीमीटर रुंद. अंदाजे पाच-सहाशे हर्ट्झच्या खालचे स्वर पेटीला वळसा घालून मागं पळतात, त्यामुळं पुढचा आवाज सडपातळ. कॉईल लावल्यावर अंग भरलं, पण अँपचा आवाज बराच वाढवायला लागला. म्हणजे आलाच की जिन्नस मध्ये. नाहीतर भिंतीला चिकटवा, थोडं अंग भिंत देती.

तरी विकले नाहीत. सकाळी सहाला, दूध कट्ट्यावरनं आलो की बारीक आवाजात अर्धा तास. तेवढ्या अर्ध्या तासात त्याला तोड नाही. दुपारी लावत पण नाही.

निमूट वाचक

दूध कट्टा म्हणजे काय?

तिखटजाळ

म्हैस समोर पिळत्यात, फेसाळ दूध गिलासात. नाशिकवाल्यांनी एकदा यावंच.

डॉल्बीग्रस्त

आणि मग दवाखान्यात पण.

शाहूपुरी चौथी

२०१९च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाच फूट पाणी. दोन प्रकारचे स्पीकर होते घरात. एमडीएफचे (दाबलेल्या लाकूडभुशाचे) भारीतले टॉवर पुरीसारखे टम्म फुगले, कोपरे उमलले. त्याच खोलीतली आजोबांची सागवानी पेटी वाळवली, पुसली, तेल लावलं, उभी राहिली. आतला कोन मात्र भिजून लगदा. लक्ष्मीपुरीत एका म्हाताऱ्या कारागिरानं नवीन कोन आणि कॉईल बसवून दिली. "जुना आवाज येणार न्हाई बरं का, आधीच सांगतो," म्हणाला. आला नाही. नवीनच काहीतरी आलं. तेही चांगलंय.

टॉवरचे पैसे विम्यातून मिळाले नाहीत. तो वेगळा धागा होईल, रक्तदाब वाढवून घ्यायचा नाही.

साऊंडवेडा

जपानी फोस्टेक्स कंपनीचा एफई-१०३ हा चार इंची फुल रेंज स्पीकर १९६४पासून आहे, नवनवीन रूपात अजून निघतो. त्यांच्या काही कोनांच्या लगद्यात केळीचा धागा असतो.

आजरा घनसाळ

पुरात भिजला की शिकरण.

शाहूपुरी चौथी

@घनसाळ 😄 तू सुधरू नकोस.

तबकडीवाला बाबू

सगळे डग्ग्यावर रडताय म्हणून माझं मत. मी ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या ऐकतो. एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आत सगळा राग. त्या काळातल्या ध्वनिमुद्रणात मुळात अगदी खालचं आणि अगदी वरचं फारसं उतरलेलंच नाही. जे नाही ते शोधायला मोठा बॉक्स लावला की खरखर तेवढी भारदस्त होते. एका कोनात गळा पुढं येतो, खरखर बाजूला बसते.

जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात, म्हणजे या गाण्याची पंढरी इथंच. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची तबकडी माझ्या एका कोनाच्या पेटीतून लावली की माझा दहावीतला नातू पण मोबाईल खाली ठेवतो. त्याला मी सांगितलं, यांचा आवाज १९७७ला व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. तर म्हणतो, "आजोबा, तिकडं कुठला स्पीकर असेल?"

ऑर्केस्ट्रा, सिनेमा, नव्या गाण्यातला दणका हवा असेल तर मात्र पैसे वाया घालवू नका. पोरगं त्याचं त्याचं गाणं लावायला गेलं, पेटीनं हात टेकले. खडखड आवाज यायला लागला, मीच वायर काढली.

चिंचेचं झाड

अरे केवढं लिहिलंत! रात्री जेवून बसलो ते आत्ता बारा वाजले.

@शेवटचा बाक, एक विचारायचं राहिलं. दादांची फळी मागून उघडी होती. पेटी नव्हतीच. मग त्यात पुरुषी आवाज इतका भरदार कसा?

शेवटचा बाक

मागून उघडं म्हणजे मागचा आवाज पुढच्याला खालच्या स्वरात खोडतो, खर्ज जातो. पण फळी रुंद असली तर ते खोडणं खाली सरकतं आणि बोलण्याचा पट्टा वाचतो. शिवाय पेटीतला कोंडलेला घुमारा नाही. व्हॉल्व्ह रेडिओला मागं भोकांचा पुठ्ठाच असायचा की, तेही उघडंच. हातभर पुढं ठेवायचे म्हणालात ना? दादांनी जागा कानानं शोधली असणार. वीट पण उगाच नसेल.

चिंचेचं झाड

वीट वर्षातून दोनदा बदलायचे. आई म्हणायची, घर बांधायचं सोडून विटा फिरवताय.

सौ. फिरकी

घरात विषय कधी काढताय? आमच्या ह्यांना सांगते, फळी कापून देतील. त्यांना निमित्तच पायजे.

निमूट वाचक

आता 'सांगते'?

सौ. फिरकी

तुमच्यामुळं बिघडलं बघा.

तबकडीवाला बाबू

फळी झाली की कळवा, तबकड्या आणि चाबीचा नाही, विजेवरचा प्लेअर घेऊन येतो. पण तुमचं घर कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का? गुडघे माझे एकाच कोनात वाकतात.

चिंचेचं झाड

दुसरा मजला, लिफ्ट बंद. खुर्ची खाली पाठवतो, उद्यमनगरी आणि मी मिळून उचलू.

उद्यमनगरी

मला कधी विचारलं? बरं येतो. भेळ कोण आणणार?