भाव सांगताना जीभच रेटत नाही

मसालेवाली (सांगली):
दोन वर्षं घरातून कांदा-लसूण मसाला विकतेय. महिन्याला ४० किलो जातो, पण गिऱ्हाईक कोण? नणंदेचं ऑफिस, मुलीच्या शाळेतल्या बाई, आमची गल्ली. परवा एका दुकानदाराने भाव विचारला. ६०० म्हणायचं घोकून गेले होते, तोंडातून ५२० निघालं! मिरची, सुकं खोबरं, डंकाची कांडणावळ, पाकीट धरून मलाच ४९० पडतो. आधी ओळखी वाढवू की धीर?

चटणीभाकर:
ताई, त्याने घासाघीस केलीच नव्हती, तुम्हीच केलीत. हिशेब कागदावर लिहून न्या, कागदाला लाज वाटत नाही. माझी लोणची डंकवाल्या मावशींमुळे खपली. मिरची कांडायला येणारी प्रत्येक बाई त्यांच्या ओळखीची. एक बरणी त्यांच्याकडे ठेवली, बस.

जुना_व्यापारी:
लिज्जत आठवा. १९५९, गिरगाव, ७ बायका, उसने ८० रुपये. एकटीला पापड लाटता येतो, धंदा रेटायला सोबत लागते. बचत गटात आहात का? (आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट असते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.)

मसालेवाली (सांगली):
गटात आहे, पण तिथे फक्त हप्ता भरून येते. मसाल्याचं कधी बोललेच नाही, म्हटलं मिरवते म्हणतील. काल अर्धा किलो नेला. तिघींनी भाव विचारला. ६०० म्हणाले, आवाज कापरा, पण म्हणाले. दोघींनी घेतला.

चटणीभाकर:
तिसरीला पुड्यात दोन चमचे द्या. येईल.