मदत हवी आहे: बर्डोस्वाल्डच्या लाकडी हॉलचं साल नक्की कसं ठरवलंय?

उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीवरच्या (रोमनांनी बांधलेली सरहद्दीची भिंत) बर्डोस्वाल्ड किल्ल्यावर, म्हणजे रोमन काळातल्या बान्नावर, आमच्या इतिहास अभ्यास गटासाठी एक टॉक तयार करतेय आणि एका जागी पूर्ण अडकलेय.

टोनी विल्मॉट यांच्या १९८७ ते ९२ च्या उत्खननाचा रिपोर्ट वाचलाय. दोन दगडी धान्यकोठारं, त्यातल्या दक्षिणेकडच्या कोठारात जमिनीखालची हवेची पोकळी भरून टाकली आणि नंतर आत चूल पेटायला लागली, उत्तरेकडचं कोसळलं आणि त्याच जागेवर आधी एक लाकडी इमारत आणि मग मोठा लाकडी हॉल उभा राहिला, हे सगळं समजलं. मला तर हा अख्ख्या किल्ल्यातला सगळ्यात भारी भाग वाटतो, कारण रोमन सत्ता गेली तरी माणसं तिथेच राहिली!

अडचण पुढे आहे. चुलीजवळ रोमन सम्राट थिओडोसियसचं इ.स. ३८८ ते ३९५ मधलं झिजलेलं नाणं मिळालं, पण त्यानंतर ब्रिटनमध्ये नवीन नाणी येणंच जवळजवळ थांबलं, मग हॉल साधारण ५२० पर्यंत वापरात होता हे कशावरून? मला कळलं त्याप्रमाणे प्रत्येक इमारतीचं अंदाजे आयुष्य धरून बेरीज केलीय.

भिंतीवरच्या इतर किल्ल्यांबद्दलचं सामान्य वाचन नकोय, ते झालंय. इंग्रजी चालेल, जर्मन येत नाही, आणि पैसे भरून वाचायचे जर्नल्स मला मिळत नाहीत.

तर या हॉलच्या थरांतून रेडिओकार्बनची (लाकूड, हाडं यांतल्या कार्बनवरून काढलेली) एखादी तारीख नंतर कुणी छापलीय का, की ५२० अजूनही त्या बेरजेवरच उभं आहे?